नीलकंठाचे ऋण

आमच्या वऱ्हाडात पिकावर मारायच्या विषाला कोणी विष म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. 'पऱ्हाटीवर औषध मारले', 'औषध महाग झाले', 'औषधाचा पंप घेऊन ये' असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरात कोणाला ताप आला तर तालुक्याहून आणतात तेही औषध, आणि बोंडअळीसाठी आणतात तेही औषधच. दोन्ही एकाच पिशवीतून घरी येतात, आणि पुष्कळदा एकाच कोनाड्यात ठेवली जातात. जगाच्या पाठीवर आणखी कुठे विषाला इतके गोड नाव मिळाले असेल असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या अंकात, वाचक हाताशी चकलीची बशी घेऊन निवांत बसलेला असताना, विषाची गोष्ट काढणे बरे दिसत नाही हे मी जाणतो. परंतु आठवून पाहा. ज्या लक्ष्मीची आपण परवा पूजा करणार, ती समुद्रमंथनातून वर आली अशी कथा आहे. आणि त्याच मंथनातून लक्ष्मीच्या आधी हलाहल वर आले होते. आधी विष आणि मग लक्ष्मी, हा क्रम पुराणकारांनी उगाच ठेवलेला नसावा. लक्ष्मी घ्यायला सगळे पुढे झाले. हलाहल कोणी घ्यायचे, हा प्रश्न मात्र तेव्हाही अवघड होता आणि आजही तो सुटलेला नाही. आज मला त्याच प्रश्नाविषयी चार शब्द सांगायचे आहेत; आणि त्यात माझा स्वतःचा एक कबुलीजबाबही आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेला तो घाटावरचा, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यात सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेला तो घाटाखालचा. आमचे गाव घाटाखाली, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, कापसाला उत्तम. पण जमिनीच्या पोटातले पाणी खारट. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. बाहेरगावचा पाहुणा पहिला घोट घेतो आणि आपल्याकडे संशयाने पाहतो. आम्ही मात्र तेच पाणी पिऊन वाढलो.

१९७२ च्या दुष्काळानंतरचे साल होते. मी नववीत होतो. त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि पऱ्हाटी कमरेला लागली. पण अळीही तशीच आली. वडिलांनी खामगावहून एंड्रिनचा डबा आणला. आमच्याकडे एक सालदार होते. वयाने वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. पाण्यात औषध ओतायचे, काठीने ढवळायचे, काठी हाताशी नसली तर हातानेच ढवळायचे, आणि पंप पाठीवर घेऊन अनवाणी पायांनी ओळीमागून ओळ चालत जायचे, हे काम त्यांचे.

घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरे होती, कवटीचे चित्र होते. नवीन शिकलेले इंग्रजी पाजळण्याच्या हौसेने मी ते ओट्यावर बसून वाचू लागलो. हातमोजे घालावेत, नाकातोंडाला आच्छादन असावे, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये, अंगावर सांडल्यास साबणाने धुवावे. निम्मे वाचून झाले असेल नसेल, तोच वडील म्हणाले, "कंपनीवाले असंच लिहितात. सारं गाव मारते, कोणाले काय झालं?" मी मामांकडे पाहिले. ते हसले. म्हणाले, "फडकं बांधलं का जीव घुसमटते रे बापू. अन् वास आला नाही तं औषध लागलं का नाही, समजन कसं?"

मी डबा खाली ठेवला. उरलेले वाचले नाही. त्या वर्षी कापूस चांगला झाला. त्याच पैशातून माझी पुढच्या शिक्षणाची सोय झाली. मी खामगावी शिकलो, रसायनशास्त्राचा मास्तर झालो, घाटावर बुलढाण्यास नोकरी केली, गोडे पाणी प्यालो, आणि आज पासष्टी ओलांडून धडधाकट आहे. एंड्रिनवर आपल्या देशात १९९० साली बंदी आली, ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. तेव्हादेखील मला मामांची आठवण आली. आणि वर्ग संपताच मी ती विसरलो.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला विषाचा विचार टाळता येत नाही. मुले दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारीत: "गुरुजी, विष साऱ्या शरीरात पसरते, मग ते मूत्रपिंड, यकृत नाहीतर फुप्फुस, यांनाच का धरते?" प्रश्न पोरसवदा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरात मोठा अर्थ आहे.

मूत्रपिंडे मुठीएवढी दोन. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दोहोंत मिळून सुमारे २० लाख बारीक चाळण्या असतात, आणि दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. त्यातले पाणी, साखर, मीठ, जे जे कामाचे ते परत रक्तात पाठवून उरलेले दीडदोन लिटर तेवढे बाहेर टाकतात. आता गंमत पाहा. पाणी परत घेतले की मागे उरलेले विष दाट होते. रक्तात जे विरळ होते तेच मूत्रपिंडाच्या नळ्यांत अनेक पटींनी तीव्र होऊन बसते. शरीर वाचावे म्हणून जे विष तिथे गोळा केले, ते गोळा करणाऱ्यालाच जाळते.

यकृताची कथा याहून चमत्कारिक. पोटातून आणि आतड्यातून येणारे रक्त शरीरात फिरण्याआधी यकृतातून जाते. परका पदार्थ आला की त्याचे रूप पालटून तो बाहेर टाकण्याजोगा करणे, हे त्याचे काम. पण कधी कधी रूप पालटताना साधा पदार्थ जहर होऊन बसतो. पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक शरीरात शिरते तेव्हा जितके जहाल असते, त्याहून कितीतरी जहाल ते यकृताच्या हातून होते. मक्याला किंवा भुईमुगाला जी बुरशी धरते, तिच्यातील अफ्लाटॉक्सिनही असेच. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत पावसाने भिजलेला, बुरशीचा मका खाऊन कावीळ पसरली; शेकडो माणसे आजारी पडली आणि शंभरावर दगावली. घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून त्यांनी तो मका खाल्ला, आणि त्यांच्या यकृतांनी नेहमीचे काम नेहमीच्याच निष्ठेने केले. त्यातच त्यांचा घात झाला.

राहिले फुप्फुस. तीस कोटींहून अधिक फुगे, आणि त्यांची भिंत इतकी पातळ की अलीकडे हवा आणि पलीकडे रक्त. हे दार बंद करता येत नाही. श्वास घेणे थांबवून कोणी जगत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या धुळीत राबणाऱ्या कामगारांना छातीचा एक विकार जडत असे. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येई. आणि पॅराक्वाट नावाचे तणनाशक तर असे विलक्षण की ते पोटात गेले तरी फुप्फुसात जाऊन साचते. मूत्रपिंडे थकतात, यकृत सुजते, फुप्फुस वाळल्यासारखे घट्ट होत जाते. त्यावर उतारा नाही. गुदमरणाऱ्या माणसाला प्राणवायू द्यावा, तर त्या प्राणवायूनेच विषाचा जोर वाढतो. जो वायू जीव देतो तोच येथे जीव घेऊ लागतो!

तेव्हा मुलांच्या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले असे: बाळांनो, विष या तिघांना धरते ते ती दुबळी आहेत म्हणून नव्हे. बाकीच्या शरीराचे काम ती अंगावर घेतात म्हणून. आणि आणखी एक. मूत्रपिंडे निम्म्याहून अधिक गेली तरी माणसाला पत्ता लागत नाही. ती तक्रार करीत नाहीत. डोळ्यात कण गेला तर डोळा सगळे घर डोक्यावर घेतो. मूत्रपिंड मरेपर्यंत गप्प राहते.

वर्गात हे सांगताना माझे वाक्य चांगले जमले म्हणून मला बरे वाटत असे. ते वाक्य कोणाविषयी आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले.

शतक संपता संपता मामांच्या पायांवर सूज आली. भूक गेली, तोंडाला मळमळ राहू लागली. त्यांच्या मुलाने त्यांना शहरात नेले आणि मलाही बोलावून घेतले. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. दोन्ही मूत्रपिंडे आक्रसली आहेत, म्हणाले. मी विचारले, कशाने? डॉक्टर बोटांवर मोजू लागले. तुमच्या भागातले पाणी. वर्षानुवर्षांची फवारणी. भर उन्हात पाणी न पिता केलेले काम. अंगदुखीवर रोज घेतलेल्या गोळ्या. कधी न तपासलेला रक्तदाब. "यातले नेमके कोणते, ते आता सांगता येणार नाही."

वाचकहो, खरे सांगायचे तर ते वाक्य ऐकून मला क्षणभर बरे वाटले.

त्या बरे वाटण्याची लाज मला आजतागायत सोडीत नाही. आणि हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे. एक माणूस समोर मरणाच्या वाटेवर बसला आहे, आणि मला हायसे वाटते आहे. का? तर दोष माझ्या घरावर सिद्ध होत नाही म्हणून! मामा त्यानंतर वर्षभरात गेले.

डॉक्टरांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मी नाकारीत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांच्या गावांतून मूत्रपिंडाचे रोगी फार आढळतात ही गोष्ट या भागात सर्वश्रुत आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा भारतीय मानकाने लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ठरविली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे म्हटले आहे. खारपाणाच्या कितीतरी विहिरी ही सवलतीची मर्यादाही ओलांडतात. श्रीलंकेच्या भातशेतीच्या मुलखातही १९९० नंतर असाच मूत्रपिंडाचा रोग शेतकऱ्यांत पसरला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाण्याचा कठीणपणा, कीटकनाशके, ऊन आणि तहान या सगळ्यांकडे बोट दाखविले, पण एकच एक कारण असे ठरले नाही. अनेक कारणे एकाच देहात येऊन मिळतात. हे सारे खरे.

परंतु प्रश्न असा की, कारण सिद्ध होत नाही म्हणून ऋण फिटते काय?

न्यायालयाचा प्रश्न एक असतो आणि सदसद्विवेकाचा दुसरा. न्यायालय विचारते, घाव कोणाचा? पुरावा नसेल तर आरोपी सुटतो, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणीही कोणाला फासावर चढवील. पण विवेकबुद्धी विचारते, हा माणूस काम कोणाचे करीत होता? या प्रश्नाला वैद्यकीय पुरावा लागत नाही. वावर आमचे होते. अळी आमच्या पऱ्हाटीवर होती. कापसाचा पैसा आमच्या घरी आला. मामांच्या मूत्रपिंडात कोणते विष शिरले हे ठाऊक नसले, तरी ते कोणासाठी तिथे उभे होते हे मला पुरते ठाऊक आहे.

यावर कोणी म्हणेल, हा भाबडेपणा झाला. विषाशिवाय शेती होत नाही. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगून ठेवले आहे की सारेच पदार्थ विष आहेत. औषध आणि विष यांत फरक फक्त मात्रेचा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. त्या वर्षी अळी मारली नसती तर कापूस गेला असता. कापूस गेला असता तर आमच्याबरोबर मामांचीही चूल थंडावली असती. गरिबाला फुकटची नीती परवडत नाही. पण मात्रेचा नियम एक गोष्ट सांगायची विसरतो. मात्रा ठरवतो एक आणि ती अंगावर घेतो दुसरा! डब्यावरची मात्रा एकराच्या हिशेबाने लिहिलेली असते. फवारणाऱ्याच्या छातीत किती जाईल, तो हिशेब वावरात कोणी मांडीत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मामांवर जबरदस्ती कोणी केली? ते आपण होऊन फवारीत होते, तोंडाला फडके नको असे स्वतःच म्हणत होते. होय, म्हणत होते. परंतु ज्याला नाही म्हणण्याची सोय आहे त्याच्याच होय म्हणण्याला किंमत असते. आणि डब्यावर काय लिहिले होते ते त्यांना कुठे ठाऊक होते? निम्मे वाचून मीच थांबलो होतो.

आता तिसरी पळवाट. ती सर्वांत सोयीची. दोष इतक्या जणांत वाटायचा की कोणाच्याच वाट्याला काही येऊ नये. १९५८ साली केरळात शंभरावर माणसे विषबाधेने मेली. मुंबईहून जहाजाने गेलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन मिसळले होते. दोन्ही माल एकाच जहाजात होते. विष गळले आणि पीठ त्यात भिजले. रचणाऱ्याने रचले, नेणाऱ्याने नेले, विकणाऱ्याने विकले. मारायचे कोणाच्याच मनात नव्हते. त्या घटनेनंतर कीटकनाशकांचा कायदा व्हायला १९६८ साल उजाडले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे बंद पाडणारे द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पडली. कुणी सही केली होती, कुणी पाहिले नव्हते, कुणी पाहूनही सोडून दिले होते. आणि २०२५ साली, आपल्या नागपूरच्या शेजारच्या छिंदवाड्यातील लहान मुले खोकल्याच्या औषधातून आलेल्या त्याच द्रव्याने गेली. त्यांतली कितीतरी नागपूरला उपचारासाठी आणलेली होती. एकोणचाळीस वर्षांनी तेच द्रव्य, तीच मूत्रपिंडे, आणि तेच बाटलीवरले 'औषध' हे नाव!

पाण्यात विष टाकले तर ते पातळ होते. दोषाचे तसे होत नाही. दहा जणांनी मिळून दगड लोटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दगडाचा दहावा हिस्सा येत नाही. खालच्या माणसाच्या डोक्यात पूर्ण दगडच पडतो. युरोपने २००७ साली पॅराक्वाट आपल्या शेतांतून हद्दपार केले, पण त्यानंतरही कित्येक वर्षे ते इंग्लंडात तयार होऊन परदेशी विकले जात होते. आपल्या मजुराला जे नको ते दुसऱ्याच्या मजुराला चालते, असाच याचा अर्थ. परंतु युरोपला नावे ठेवण्याआधी मी आमच्या ओट्याकडे पाहतो. तिथे तरी काय वेगळे झाले होते? मी फवारायला गेलो नव्हतो. वडिलांनी मला वावरात जाऊ दिले नाही. "औषध चालू आहे, तिकडे फिरकू नको," असे त्यांनी मला बजावले होते. म्हणजे त्यांनाही ठाऊक होते!

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने औषधात औषध मिसळून फवारणी झाली, फवारा नेमका तोंडाच्या पातळीवर येऊ लागला, आणि वीसहून अधिक शेतकरी व मजूर मेले; शेकडो रुग्णालयात गेले. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ऐकले. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील माणसांचे केस तीनचार दिवसांत झडू लागले. शाळकरी मुलींनी डोक्याला रुमाल बांधले. देशभरातून पथके आली; तपासणीत रक्तात सेलेनियम वाढल्याचे आढळले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले गेले. सेलेनियम हेही अंगाला चिमूटभर हवेच असते; अधिक झाले की विष. चौकशी झाली हे चांगलेच झाले. पण माझ्या मनात एक विचार येऊन गेला. केस झडले ते दिसले, म्हणून इतके जण धावले. त्याच पट्ट्यात मूत्रपिंडे वर्षानुवर्षे झडत आली, ती डोक्यावर नसल्यामुळे दिसली नाहीत.

येथे मला नीलकंठाची गोष्ट पुन्हा आठवते. हलाहल निघाले तेव्हा देव आणि दानव दोघेही पळाले. शंकराने ते प्राशन केले आणि कंठात धरले. खाली उतरू दिले नाही, कारण उदरात विश्व. बाहेर टाकले नाही, कारण बाहेरही विश्वच. ते कंठात राहिले आणि कंठ निळा झाला. लहानपणी मला त्यातला पराक्रम आवडे. आता वाटते की त्या निळ्या डागातच गोष्टीचे मर्म आहे. ज्याने विष घेतले त्याच्या अंगावर खूण राहिली आणि ती सर्वांना दिसली. म्हणून देवांना विसरण्याची सोय राहिली नाही. लक्ष्मी, अमृत, ऐरावत घेऊन जाताना प्रत्येकाला तो कंठ दिसत होता.

शंकर आपण होऊन प्याले. मूत्रपिंडे, यकृत, फुप्फुसे आपल्या धर्मानुसार पितात. मामा पोटासाठी प्याले. पहिल्याची आपण पूजा करतो, दुसऱ्यांची डॉक्टरांकडे जाऊन काळजी करतो. तिसऱ्याला सालाचे पैसे आणि दिवाळीला धोतरजोडी दिली की आमचा हिशेब चुकता होई. मामांचा कंठ निळा झाला नाही, हीच त्यांची चूक!

मग आपण द्यायचे तरी काय? मला याचे मोठे उत्तर सापडलेले नाही. लहानसे सापडले आहे. ज्याला अधिक ठाऊक आहे त्याच्यावर अधिक ऋण आहे. अज्ञानाने केलेली चूक वडिलांची असेल, मामांची असेल, माझी नव्हे. मी वाचले होते. मी विष ओतले नाही, पण वाचता वाचता थांबलो. आणि दुसरे असे की, ऋण फेडताना खिशाला तोशीस लागली नाही तर ते फेडणे नव्हे, ती नुसती हळहळ होय.

आमच्या त्या जमिनीचा माझ्या वाटचा तुकडा आज मामांचा नातू ठोक्याने वाहतो. म्हणजे पाहा, पन्नास वर्षे उलटली तरी पंप त्याच घराच्या पाठीवर आहे आणि कापसाचा पैसा याच घरी येतो आहे. मागल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. फराळाबरोबर रबरी हातमोजे, तोंडाचे आच्छादन आणि गमबूट घेऊन गेलो होतो. नातवाने ते घालून पाहिले आणि हसला. "गुरुजी, ऊन तापलं का यानं जीव घुसमटते." मी चमकलो. शब्द तेच, हसणेही तेच. त्याचेही खरे होते. ज्याने ती साधने योजली त्याने आमच्या भादव्याचे ऊन पाहिले नसावे.

ओसरीच्या कोपऱ्यात तणनाशकाचा डबा होता. मी विचारले, हे कशाला? म्हणाला, "निंदायले बाया भेटत नाहीत, अन् भेटल्या तं मजुरी परवडत नाही. मंग हे मारतो." डबा उचलून पाहिला. पॅराक्वाट होते. आता डब्याबरोबर मराठी पत्रक येते, पण अक्षर इतके बारीक की चष्म्यावाचून लागत नाही.

आम्ही बराच वेळ बोललो. फवारणी सकाळी ऊन चढण्याआधी करायची, वारा पाठीशी ठेवून चालायचे, कपडे तिथेच बदलायचे, हे त्याने मान्य केले. पॅराक्वाट मात्र त्या वावरात पुन्हा मारायचे नाही असे मी म्हटले, आणि निंदणाची मजुरी ठोक्यातून वजा धरायला सांगितली. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "असा हिशेब कोणी करत नाही, गुरुजी." मी म्हटले, "आपल्या दोन घरांत करून पाहू." त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. त्याची आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. वान धरणाचे पाणी आता नळाने येते, म्हणाली. मी प्यालो. गोडे होते. मामांना ते मिळाले नाही.

उठण्याआधी मी खिशातून चष्मा काढला, डब्याचे पत्रक उलगडले आणि ओसरीवर बसून मोठ्याने वाचू लागलो. शेजारची दोन पोरेही येऊन बसली. लक्षणे आली, प्रथमोपचार आले, उतारा नाही हेही आले. बाहेर फटाके वाजत होते, त्यामुळे मधूनमधून थांबावे लागे. पण या वेळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.